चावीचं क्रोनोग्राफ: बटण दाबल्यावर आत काय होतं?

काकांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि हात चक्क खाली गेला. डोळ्यांनी पोलादाचा अंदाज बांधला होता, निघालं प्लॅटिनम. तेवढ्याच आकाराच्या पोलादापेक्षा ते अडीचपटीहून जड. घनतेचा धडा शाळेत पाठ केला होता, हाताला मात्र तो त्या दिवशी कळला.

"लगेच बटणं दाबत सुटू नकोस," काका म्हणाले. "आधी चावी दे. उपाशी घड्याळाला कामाला जुंपायचं नाही."

काका म्हणजे वडिलांचे मित्र. सगळी नोकरी मोजमापाची यंत्रं जुळवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर एकच चैन केली, ती ही. ए. लांगे उंड झ्योने या जर्मन कंपनीचं डाटोग्राफ अप-डाउन. तीन दिवस ते माझ्याकडे होतं. परत देताना मला खूप वाईट वाटलं, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढच्या कौतुकात थोडी सूट धरून वाचता येईल.

क्रोनोग्राफ म्हणजे सोप्या शब्दांत, ज्यात स्टॉपवॉच बसवलेलं आहे असं घड्याळ. नेहमीची वेळ चालूच राहते. शिवाय एक वेगळा सेकंदकाटा असतो, जो आपण म्हणू तेव्हा निघतो, म्हणू तेव्हा थांबतो आणि म्हणू तेव्हा शून्यावर परत येतो. फोनमध्ये हे काम फुकटात होतं, आणि शंभरांश सेकंदापर्यंत होतं. साधं क्वार्ट्झ घड्याळही अचूकतेत या घड्याळाला सहज मागे टाकतं, कारण त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि या घड्याळाचं हृदय सेकंदाला जेमतेम पाच ठोके देतं. म्हणजे अचूकतेच्या मुद्द्यावर वादच नको, तो खटला आपण आधीच हरलो आहोत.

मग यात आहे काय? माझ्या मते यात एकच अवघड प्रश्न आहे, आणि सगळी कारागिरी त्याच्याभोवती फिरते: धावत्या चाकाला थांबलेलं चाक जोडायचं कसं, आणि पुन्हा सोडवायचं कसं, तेही मूळ वेळेला धक्का न लावता.

चावी

आधी चावीच. घड्याळाच्या कडेला जो खाचांचा गोल खुंटा असतो, तो अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे फिरवायचा. बोटांना बारीक 'कर्र-कर्र' लागतं. आत एका चपट्या डबीत लांबलचक पातळ पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, ती प्रत्येक फिरकीबरोबर अधिक घट्ट होते. ती उलटी सुटू नये म्हणून एक छोटा खटका दातांवर बसतो, आणि ती 'कर्र' त्याची असते. या घड्याळात सहाच्या जागी एक छोटा काटा आहे. तो 'आउफ' आणि 'आप', म्हणजे वर आणि खाली, या दोन जर्मन शब्दांमध्ये सरकतो आणि पट्टीत अजून किती दम उरला आहे ते सांगतो. पूर्ण चावी दिली की ६० तास चालतं.

चावी देताना घड्याळ मनगटावरून काढायचं, कारण बांधलेल्या घड्याळाचा खुंटा आपण नकळत तिरका ओढतो आणि आतल्या बारीक दांडीवर ताण येतो. पट्टी भरत आली की बोटांना आपोआप कळतं. फिरकी जड होते, आणि मग एका जागी ठाम नकार येतो. तिथे थांबायचं, जोर करायचा नाही.

डबीतली ताकद तीन-चार चाकांमधून पुढे जाते. मोकळं सोडलं तर पट्टी क्षणात भर्रकन उलगडेल, म्हणून शेवटी एक अडसर ठेवलेला असतो. झोपाळ्यासारखं मागेपुढे हेलकावणारं एक चाक त्या अडसराला ठरावीक लयीत उघडतं आणि मिटतं. दर हेलकाव्याला ताकद थोडीशीच पुढे सुटते. हीच टिकटिक. या घड्याळात ती तासाला १८,००० वेळा होते, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून जास्त. आणि या सगळ्या गाड्यात एक चाक असं असतं जे बरोब्बर एका मिनिटात एक फेरी मारतं. घड्याळजी त्याला चौथं चाक म्हणतात. क्रोनोग्राफची सगळी कहाणी या चौथ्या चाकापासून सुरू होते.

दोरीत शिरणारी मुलगी

दोन मुली लांब दोरीची दोन टोकं धरून गरगर फिरवत आहेत. तिसरीला आत शिरायचं आहे. ती बाजूला उभी राहून अंदाज घेते, आणि नेमक्या क्षणी आत झेप घेते. क्षण चुकला तर दोरी पायात अडकते आणि खेळ थांबतो.

क्रोनोग्राफच्या आत हेच घडतं. मिनिटाला एक फेरी मारणारं चौथं चाक म्हणजे फिरती दोरी. मध्यभागी एक चाक शांत उभं असतं, त्याच्यावरच तो लांब सेकंदकाटा बसवलेला. या दोघांमध्ये एक तिसरं, मध्यस्थ चाक आहे. ते चौथ्या चाकाला कायम जोडलेलं असल्यामुळे सतत फिरत असतं, पण एका हलत्या हातावर बसवलेलं असतं. आपण वरचं बटण दाबलं की तो हात केसभर आत सरकतो, फिरतं मध्यस्थ चाक थांबलेल्या मधल्या चाकाला भिडतं, दातात दात अडकतात आणि काटा निघतो. पुन्हा बटण दाबलं की हात मागे येतो, दात सुटतात, आणि त्याच क्षणी एक ब्रेक मधल्या चाकावर टेकतो, म्हणजे काटा जिथल्या तिथे थांबतो.

मुलगी क्षण निवडू शकते, चाकं निवडू शकत नाहीत. आपण बटण दाबलं त्या क्षणी दातासमोर खाच आली तर ठीक; दातासमोर दात आला तर मधलं चाक किंचित ढकललं जातं, आणि काटा निघतानाच हलकी उडी मारतो. म्हणूनच या चाकाचे दात इतके बारीक कातलेले असतात की नुसत्या डोळ्यांना ती कड गुळगुळीतच वाटावी. दात जितका बारीक, तितकी उडी छोटी. मी त्या तीन दिवसांत काटा किती वेळा सुरू केला याची गणती नाही. नजरेत भरेल अशी उडी दोन-तीनदाच दिसली, तीही भिंग लावून मुद्दाम टपून बसले होते म्हणून.

दुसरी गोष्ट दिसत नाही, पण आत घडते. हे जास्तीचं ओझं ओढायला ताकद त्याच एका पट्टीतून येते. त्यामुळे क्रोनोग्राफ चालू केला की झोपाळ्याचा झोका थोडा आखूड होतो. झोका आखूड झाला तरी लय बिघडता कामा नये, आणि कारागिराचा खरा कस इथे लागतो. क्रोनोग्राफ चालू असताना आणि बंद असताना घड्याळ सारखंच चालायला हवं.

खांबांचं चाक

आता हा हात, तो ब्रेक आणि पुढे येणाऱ्या हातोड्या, या सगळ्यांना कोणी कधी हलायचं हे सांगायला एक मुकादम लागतो. तो म्हणजे कॉलम व्हील. खाली करवतीसारखे दात असलेलं छोटं चाक आणि त्याच्यावर गोलाकार उभे केलेले खांब. किल्ल्याच्या बुरजावरचे चर्ये डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वेळी बटण दाबलं की हे चाक एक दात पुढे सरकतं. तरफांची टोकं खांबांना टेकलेली असतात. टोकासमोर खांब आला तर तरफ बाहेर ढकलली जाते, दोन खांबांमधली मोकळी जागा आली तर स्प्रिंगच्या जोराने आत पडते. एक पाऊल पुढे गेलं की एक तरफ उठते, दुसरी पडते. एवढ्या छोट्या चाकावर सगळा हुकूम चालतो.

मागच्या काचेतून हे पाहत बटण हळूच दाबत गेले. आधी किंचित मोकळी जागा, मग विरोध, विरोध वाढतो, वाढतो आणि अचानक सुटतो. 'कट्'. तो सुटण्याचा क्षण अंगठ्याला इतका स्वच्छ कळतो की डोळे मिटूनही काटा निघाला हे सांगता यावं. जाणकार लोक अशा घड्याळांची चर्चा करताना बटणाच्या स्पर्शावर पानंच्या पानं का खर्च करतात, याचं मला आधी हसू यायचं. आता येत नाही.

माझा पहिला प्रयत्न मात्र फसला. मी घाबरत घाबरत अर्धवट दाबलं आणि मध्येच सोडलं. काहीच झालं नाही. "भीत भीत दाबलं की ते पण विचारात पडतं," काका म्हणाले. "एकदाच दाब, आणि पूर्ण दाब."

बदाम

शून्यावर परत येणं हा माझ्या मते या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग. काटा तबकडीवर कुठेही थांबलेला असो, पंधरावर, अडतीसवर, सत्तावन्नवर. खालचं बटण दाबलं की पापणी लवण्याआधी तो बाराच्या खुणेवर सरळ उभा. जवळचा रस्ता उजवीकडून की डावीकडून, हे त्याला कसं कळतं?

काट्याच्या आसावर एक छोटी पोलादी चकती घट्ट बसवलेली असते, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. खालचं बटण दाबलं की एक सपाट तोंडाची हातोडी त्या बदामावर जोरात येऊन बसते. बदामाची कड अशी वळवलेली असते की हातोडी तिच्यावर कुठेही पडली तरी घसरत घसरत आसाच्या सगळ्यात जवळच्या जागी, म्हणजे बदामाच्या वरच्या खाचेशी, येऊन दोन्ही खांद्यांवर टेकते. हातोडी सरळ रेषेतच हलते. घसरण्याच्या नादात गोल फिरतो तो बदाम, आणि त्याच्याबरोबर काटा. टोकाच्या एका बाजूला पडली तर काटा उजवीकडून येतो, दुसऱ्या बाजूला पडली तर डावीकडून. विचार करायला कोणी नाही, आकारच सगळं ठरवतो. लंडनमध्ये काम करणाऱ्या आडोल्फ निकोल या स्विस घड्याळजीने १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आज पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ उलटला तरी यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये हाच बदाम बसतो.

क्रोनोग्राफ हा शब्दही गमतीचा आहे. ग्रीकमध्ये क्रोनोस म्हणजे काळ आणि ग्राफीन म्हणजे लिहिणं. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्‍यूसेकने जे यंत्र वापरलं, ते खरोखरच लिहायचं: घोडा रेषा ओलांडला की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मुआनेने आकाशातल्या निरीक्षणांसाठी एक यंत्र केलं होतं, जे सेकंदाचा साठावा भाग मोजायचं. जगाला ते २०१३ मध्ये नीट कळलं. शाई कधीच गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आजचा क्रोनोग्राफ एक अक्षर लिहीत नाही.

एकोणसाठ आणि शून्य यांच्यामध्ये

सेकंदकाट्याच्या किती फेऱ्या झाल्या हे मोजायला उजवीकडच्या छोट्या तबकडीत मिनिटांचा काटा आहे, तीस मिनिटांपर्यंतचा. बहुतेक क्रोनोग्राफमध्ये दर फेरीला एक छोटं बोट शेजारच्या चाकाला टोचतं आणि हा काटा एक घर पुढे जातो. पण ते टोचणं सेकंद-दोन सेकंद चालतं. नेमकं त्याच वेळी घड्याळ थांबवलं तर मिनिटाचा काटा दोन खुणांच्या मध्ये लोंबकळलेला दिसतो, आणि चार मिनिटं एकोणसाठ सेकंद की पाच मिनिटं एकोणसाठ सेकंद, असा प्रश्न पडतो. मोजायलाच बसलं आणि पूर्ण मिनिटाचाच घोळ, म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

डाटोग्राफमध्ये यावर उपाय आहे. सेकंदकाट्याच्या आसावर शंखासारखी, हळूहळू फुगत जाणारी एक चकती आहे. एका तरफेचं टोक तिच्या कडेवरून मिनिटभर वर चढत राहतं, चढत राहतं, आणि साठावा सेकंद पुरा होताच कड्यावरून खाली पडतं. पडताना मिनिटाच्या चाकाला एक घर ढकलून देतं. परिणाम असा की मिनिटाचा काटा मिनिटभर हलतच नाही आणि मग एकदम टुणकन उडी मारतो. मी भिंग डोळ्याला लावून काटा पंचावन्नवर आल्यापासून श्वास रोखून बसायचे. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, टुण. हे मी किती वेळा केलं ते विचारू नका. घरात कोणी पाहिलं असतं तर काळजी केली असती.

या घड्याळात आणखी एक सोय आहे, फ्लायबॅक. साध्या क्रोनोग्राफमध्ये तीन पायऱ्या असतात: थांबवा, शून्यावर आणा, पुन्हा सुरू करा. इथे चालू असतानाच खालचं बटण दाबलं की काटा शून्यावर येतो, आणि बोट उचलताच लगेच निघतो. वैमानिकांना एका पाठोपाठ एक टप्पे मोजायला याचा उपयोग व्हायचा. लाँजीन या स्विस कंपनीने १९३६ च्या सुमारास आपल्या मनगटी क्रोनोग्राफमध्ये हे दिलं होतं. मात्र प्रत्येक क्रोनोग्राफ असा नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवायचं. फ्लायबॅक नसलेल्या घड्याळात चालू काट्यावर शून्याचं बटण जोराने दाबणं म्हणजे गाडी चालू असताना उलटा गिअर टाकण्यासारखं आहे.

मग ऑटोमॅटिक का नाही?

हा प्रश्न मला तिघांनी विचारला. मनगट हलेल तशी आपोआप चावी भरणारी घड्याळं असताना रोज खुंटा फिरवत कोण बसणार? १९६९ पर्यंत तर पर्यायच नव्हता. त्या एका वर्षात झेनिथचं एल प्रिमेरो, हॉयर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन वगैरेंच्या गटाचं क्रोनोमॅटिक आणि जपानचं सायको ६१३९ अशी तीन ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ आली. त्याआधीचे सगळे मनगटी क्रोनोग्राफ चावीचेच.

चंद्रावर गेलेलंही चावीचंच. ओमेगाचं स्पीडमास्टर १९५७ मध्ये बाजारात आलं, १९६५ मध्ये नासाच्या परीक्षेत पास झालं, आणि १९६९ च्या जुलैमध्ये बझ ऑल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर उतरलं. नील आर्मस्ट्राँगचं यानातच राहिलं होतं, कारण यानातलं घड्याळ बंद पडलं होतं. पुढच्या वर्षी अपोलो १३ वर स्फोट झाल्यावर परतीच्या वाटेवर एक दिशा-दुरुस्ती हाताने करावी लागली. त्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, आणि ते १४ सेकंद अंतराळवीर जॅक स्वायगर्टने स्पीडमास्टरवरच मोजले. बटणाच्या स्पर्शाची कौतुकं करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे अधूनमधून आठवावं.

त्या स्पीडमास्टरच्या पुढच्या पिढीत कॉलम व्हील काढून साध्या, पत्र्यातून कापलेल्या कॅमने, म्हणजे उंचसखल कडेच्या चकतीने, तेच काम करून घेतलं, आणि आजचं मूनवॉच, म्हणजे त्याच स्पीडमास्टरचा वारस, तेही कॅमवरच चालतं. जाणकारांमध्ये कॅम म्हटलं की नाकं मुरडली जातात. मला ते पटत नाही. कॅम बनवायला सोपा, मजबूत, बिघडायला कमी. बटणाला जरा जास्त जोर लागतो आणि 'कट्' तितका रेशमी वाटत नाही, बस.

चावीचं घड्याळ आजही करण्याची माझ्या मते दोन खरी कारणं आहेत. ऑटोमॅटिक घड्याळाला मागे एक जड अर्धगोल वजन लागतं, जे हात हलला की फिरतं. ते नसलं की घड्याळाची जाडी वाचते. आणि दुसरं, ते वजन नसलं की मागच्या काचेतून आतलं सगळं उघडं दिसतं. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये नेमक्या पाहण्यासारख्या भागावर ते येऊन बसतं, जसं नाटकात पुढच्या खुर्चीत उंच माणूस.

इथे एक कबुली द्यायला हवी. दोरीत शिरणाऱ्या मुलीचा प्रश्न सोडवायचा याहून चांगला मार्ग कधीच सापडला आहे. त्याला उभा क्लच म्हणतात. त्यात चाकं बाजूने भिडत नाहीत. एकावर एक बसवलेल्या चकत्या घर्षणाने जुळतात, गाडीच्या क्लचसारख्या. दातच नाहीत, म्हणून उडी नाही, आणि क्रोनोग्राफ तासन् तास चालू ठेवला तरी झोक्यावर फारसा ताण नाही. वर सांगितलेल्या सायकोमध्ये तो १९६९ मध्येच होता. निव्वळ यंत्र म्हणून तो सरस आहे. पण तो चकत्यांच्या आत लपलेला असतो, पाहायला काही नाही. काकांच्या घड्याळातला आडवा क्लच जुना आहे, थोडा उडी मारणारा आहे, आणि सगळं डोळ्यांसमोर करतो. मला विचाराल तर मी आडवाच घेईन. ही पसंती तर्काने आलेली नाही, डोळ्यांनी आली आहे.

मागची काच

घड्याळ उलटं केलं की तबकडीचा विसर पडतो. एकावर एक माजघरं रचल्यासारखे चार-पाच थर, ४५१ सुटे भाग. हे भाग ज्यांवर बसवतात ते पाटे जर्मन सिल्व्हरचे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. त्यावर मुलामा देत नाहीत, त्यामुळे वर्षागणिक त्याला मधाळ पिवळसर झाक चढत जाते. पण मुलामा नाही म्हणजे बोट लागलं की डाग पडलाच. लांगेकडे प्रत्येक घड्याळ दोनदा जोडतात. पहिल्यांदा जुळवून, चालवून पाहतात, मग पूर्ण सुटं करतात, शेवटची झिलई देतात आणि पुन्हा जोडतात. दुप्पट काम, पण आधी झिलई देऊन मग जुळवताना ओरखडा काढण्यापेक्षा बरं.

भिंगातून पाहिलं तर प्रत्येक तरफेची कड तिरकी तासून आरशासारखी चमकवलेली. जिथे दोन कडा आतल्या बाजूला कोपऱ्यात भेटतात, तिथे खरा कारागीर ओळखू येतो. यंत्राचं फिरतं हत्यार गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा ते गोलसरच सोडतं. टोकदार आतला कोपरा हातानेच काढावा लागतो. पोलादाचे काही सपाट भाग असे घासलेले आहेत की एका कोनातून पांढरे दिसतात, आणि घड्याळ केसभर कलवलं की एकदम काळेकुट्ट. निळे स्क्रू रंगवलेले नाहीत. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो असा निळा दिसतो. थोडा जास्त वेळ ठेवला तर रंग निघून जातो.

चाकांच्या आसांची टोकं ज्यांत फिरतात ती माणकं सोन्याच्या छोट्या कड्यांमध्ये बसवून त्या कड्या निळ्या स्क्रूंनी आवळल्या आहेत. पूर्वी माणिक फुटलं तर कडी काढून बदलता यावं म्हणून ही सोय होती. आज माणकं थेट पाट्यात अचूक दाबून बसवता येतात, म्हणजे या कड्या आता निव्वळ दागिना. झोपाळ्याच्या चाकावरचा छोटा पूल मात्र हातानेच कोरलेला असतो, आणि कोरणाऱ्याचा हात बदलला की वेलबुट्टीही बदलते.

न आवडलेलं

सगळंच गोड नाही. घड्याळ ४१ मिलिमीटरचं आहे, ते ठीक, पण जाडी १३ मिलिमीटरच्या वर. चावीच्या घड्याळाची जाडी वाचते असं मीच वर म्हटलं. इथे वाचलेली जाडी फ्लायबॅक, उडी मारणारं मिनिट आणि मोठी तारीख यांनी खाऊन टाकली. शर्टाची बाही दर वेळी अडते. वजनाची सवय होते म्हणाले काका. मला तीन दिवसांत झाली नाही.

तबकडीच्या कडेला टॅकीमीटरची, म्हणजे वेग काढायची, पट्टी आहे. तिचं गणित साधं: ३६०० भागिले लागलेले सेकंद. गाडीने एक किलोमीटर ४० सेकंदांत कापला तर काटा ९० वर थांबतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. पुस्तकाचं एक पान ४५ सेकंदांत वाचलं तर तासाला ८० पानं. गंमत आहे, पण मी ती दोनदाच वापरली, आणि दोन्ही वेळा तुम्हाला सांगता यावं म्हणून.

बाराखालची मोठी तारीख मात्र छान. दोन स्वतंत्र चकत्या, एक दहमाची, एक एककाची. ड्रेस्डेनच्या ऑपेरा हाउसमध्ये रंगमंचावर असंच आकड्यांचं घड्याळ आहे, तिथून ही कल्पना आली.

पाण्याचंही सांगून टाकते. अशा घड्याळांवर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते पोहायचं आमंत्रण नव्हे. ते पावसाच्या शिंतोड्यांपुरतं. आणि ओल्या हाताने बटणं तर अजिबात दाबायची नाहीत, कारण बटण आत जातं तेव्हाच पाण्याला वाट मिळते. काही वर्षांनी आतलं तेल सुकतं, मग पूर्ण उघडून साफ करून घ्यावं लागतं, आणि क्रोनोग्राफच्या बाबतीत ते येरागबाळ्याचं काम नाही.

घड्याळ परत द्यायला गेले तेव्हा 'आप'च्या बाजूला झुकलेला काटा काकांनी आधी पाहिला आणि काही न बोलता चावी द्यायला घेतली. कर्र, कर्र, कर्र.

"काका, एक विचारू? तुम्ही याने मोजता तरी काय?"

"ग्राहक सेवेला फोन लावला की वरचं बटण दाबतो," ते म्हणाले. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सांगतात ना. तो किती मिनिटं महत्त्वाचा असतो ते बघायला."

"आणि सगळ्यात जास्त किती?"

"ते नाही सांगता येणार. मिनिटाचा काटा तीस घरं फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता."